दीड हजार रुपये आणि परमिटावरचं नाव

करोनात राज्य सरकारकडून रिक्षावाल्यांना मिळालेल्या दीड हजार रुपयांचा विषय निघाला की बहुतेक लोक रकमेवरच बोलतात. ‘दीड हजारात काय होतं?’ एवढं म्हणून विषय संपवतात. मला तो तिथं संपवता येत नाही. २०२१ च्या मे-जूनमध्ये आमच्या भागातल्या कितीतरी रिक्षावाल्यांचे ते फॉर्म मी भरून दिले. पैसे कमी होते हे खरंच. पण मला आजही जास्त छळतं ते हे, की दिवसाचे दहा-बारा तास रिक्षा चालवणारी अनेक माणसं त्या फॉर्ममध्ये बसतच नव्हती. आता रिक्षाचालकांच्या कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीची चौकशी करायला तीच माणसं पुन्हा दुकानात यायला लागली आहेत, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आमचं दुकान डोंबिवली पूर्वेला आहे. झेरॉक्स, टायपिंग, लाईट बिल, पॅनकार्ड, शाळा-कॉलेजचे ऑनलाईन प्रवेश, जे येईल ते. समोरच रिक्षास्टँड. त्यामुळे लायसन्सचं नूतनीकरण, पासिंगची तारीख, विम्याचा कागद, दंडाचं ऑनलाईन चलन ही कामं आमच्याकडे रोजची. शिवाय हा धंदा मला घरातूनच माहीत आहे. माझे वडील कल्याणला रिक्षा चालवायचे, तीही शिफ्टवर. गाडी दुसऱ्याची, परमिट दुसऱ्याचं. पहाटे मालकाकडून गाडी घ्यायची, दुपारी गॅस भरून परत द्यायची, शिफ्टचे ठरलेले पैसे मालकाच्या हातावर ठेवायचे आणि उरेल ते घरी आणायचं. नवी परमिटं तेव्हा बंद होती. राज्यानं ती मर्यादा उठवली २०१७ मध्ये. तोवर वडिलांचं रिक्षा चालवायचं वय उलटून गेलं होतं.

डोंबिवलीतला रिक्षाधंदा समजून घ्यायचा तर लोकलपासून सुरुवात करावी लागते. मध्य रेल्वेवरच्या सगळ्यात गर्दीच्या स्थानकांपैकी हे एक. सकाळी घरातून स्टेशनवर आणि संध्याकाळी स्टेशनवरून घरी, या दोन वेळांवर इथल्या हजारो रिक्षा चालतात. ठाण्याला, दादरला, सीएसएमटीला जाणारा माणूस गाडीत चढला तरच इथला रिक्षावाला जेवतो. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. जून २०२० च्या मध्यावर सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. ऑक्टोबरमध्ये महिलांना परवानगी मिळाली, आणि सगळ्यांना ठरावीक वेळांत चढू दिलं ते १ फेब्रुवारी २०२१ पासून. स्टँडवर जरा कुठे रांग दिसायला लागली होती, तेवढ्यात दुसरी लाट आली आणि २२ एप्रिलपासून लोकल पुन्हा सर्वसामान्यांसाठी बंद झाली. ती १५ ऑगस्टपर्यंत, आणि तेव्हाही लशीचे दोन्ही डोस झालेल्यांसाठीच.

‘रिक्षा तर चालू होत्या ना?’ असं मला अनेकांनी विचारलंय, म्हणून हे एवढं सांगितलं. होय, एप्रिल २०२१ च्या नियमांत रिक्षाला बंदी नव्हती. चालक आणि मागे दोन प्रवासी, असं चालत होतं. पण शेअर रिक्षाचं गणित तीन सीटवर बसलेलं असतं. तिसरी सीट गेली की गॅस आणि शिफ्टचे पैसे निघतात, घरचं निघत नाही. आणि त्या दोन सीटसुद्धा भरायच्या कुणी? ऑफिसं घरून, शाळा मोबाईलवर, लोकल बंद. सकाळी सहाला नंबर लावलेला माणूस दहा-साडेदहापर्यंत पहिल्या भाड्याची वाट बघत गाडीतच बसलेला असायचा. काहींनी मागची सीट काढून भाजी भरली, काहींनी आंब्याच्या पेट्या विकल्या. तरुण पोरं डिलिव्हरीला गेली. पन्नाशी ओलांडलेल्यांना ते जमलं नाही, ते स्टँडवरच राहिले.

१३ एप्रिल २०२१ च्या रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध जाहीर केले, आणि त्याबरोबर ५,४७६ कोटी रुपयांची मदत. त्यात मोफत गहू-तांदूळ होते, शिवभोजन थाळी मोफत होती, संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतल्या लोकांना हजार रुपये होते, आदिवासी कुटुंबांना खावटीचे दोन हजार होते. बांधकाम कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, फेरीवाले आणि रिक्षाचालक यांना प्रत्येकी दीड हजार. भाषणात रिक्षाचालकांचा आकडा १२ लाख सांगितला गेला. आमच्या स्टँडवर त्या रात्री सगळ्यांनी ते मोबाईलवर ऐकलं. आजवर कुठल्याच पॅकेजमध्ये रिक्षावाल्याचं नाव घेतलं गेलं नव्हतं. आधीच्या वर्षी, सगळं पूर्ण बंद असताना, राज्याकडून त्यांच्या हातात रोख काहीच आलं नव्हतं. त्यामुळे नाव घेतलं गेलं याचंच अनेकांना बरं वाटलं. मलाही वाटलं, आणि ती गोष्ट मी आजही छोटी मानत नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. निर्बंध १४ एप्रिलच्या रात्रीपासून लागू झाले. फॉर्म भरायची ऑनलाईन सोय सुरू झाली मेच्या चौथ्या आठवड्यात. मधल्या काळात रोज कुणीतरी विचारायला यायचं, ‘ताई, लिंक आली का?’ दुकानाचं शटर बंद होतं, त्यामुळे येणारे आमच्या बिल्डिंगच्या खाली उभे राहायचे आणि मी लॅपटॉप घेऊन जिन्याच्या तोंडाशी बसायचे. कागदांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवून घ्यायचे. रिक्षावाल्यांकडून या फॉर्मचे पैसे घ्यायचे नाहीत असं आम्ही आधीच ठरवलं होतं.

आदेश निघाला तेव्हा १२ लाखांचे ७ लाख १५ हजार झाले होते. तेवढे परवानाधारक, आणि त्यांच्यासाठी सुमारे १०७ कोटी रुपये. फॉर्म लहानसा होता. गाडीचा नंबर, लायसन्सचा नंबर, परमिटचा नंबर, आधार नंबर. कागद अपलोड करायची भानगड नाही, रांग नाही, दाखला नाही. सरकारी फॉर्म आयुष्यभर भरत आलेल्या बाईनं सांगावं तर तो चांगला फॉर्म होता. माहिती सरकारच्या नोंदीशी जुळली की पैसे थेट आधारला जोडलेल्या बँक खात्यात. ज्याची गाडी स्वतःची, परमिट स्वतःचं, मोबाईल नंबर तोच आणि खातंही चालू, त्याचा फॉर्म पाच मिनिटांत व्हायचा. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा विश्वासच बसत नसल्याचा भाव मी खूपदा पाहिला. ‘झालं? एवढंच?’

पण आमच्या स्टँडवर तसे किती? निम्म्याहून कमी.

पहिले अडले ते शिफ्टवाले. त्यांच्याकडे लायसन्स होतं, सार्वजनिक वाहन चालवायच्या परवानगीचा बॅज होता, खांद्यावर खाकी होती, स्टँडवर वीस-वीस वर्षांची ओळख होती. फक्त परमिटचा नंबर स्वतःचा नव्हता, आणि फॉर्मला तो हवा होता. एक काका आहेत, वडिलांच्या बरोबरीचे नाहीत पण त्यांना ओळखणारे. त्यांनी सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून आणले होते. लायसन्स, बॅज, आधार, रेशनकार्ड, पासबुक. मी परमिट मागितलं. ते म्हणाले, ‘ते मालकाकडे असतं, बाळा. पण गाडी तर मीच चालवतो, कुणालाही विचार.’ कुणालाही विचारायची सोय त्या फॉर्ममध्ये नव्हती. मालकाच्या नावानं अर्ज केला तर पैसे मालकाच्या खात्यात जाणार. काकांच्या नावानं केला तर नोंद जुळणार नाही. मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी पिशवीला पुन्हा गाठ मारली, बाहेर जाऊन रिक्षात बसले आणि बराच वेळ गाडी चालू केली नाही.

निर्बंधांचा मार सगळ्यात आधी त्यांच्यावरच पडला होता. मालकाची गाडी उभी राहिली तर त्याचं भाडं बुडतं. शिफ्टवाल्याचा त्या दिवसाचा पूर्ण धंदा बुडतो, आणि धंदा नसताना गाडी बाहेर काढली तर शिफ्टचे पैसे खिशातून जातात. आमच्याकडे तेव्हा शिफ्टचा दर तीनशेच्या आसपास होता. काही मालकांनी तो निम्म्यावर आणला, काहींनी धंदा झाला तरच द्या असं सांगितलं. काहींनी काहीच कमी केलं नाही.

तरी मालकांना एका फटक्यात वाईट ठरवायला माझं मन तयार नाही. परमिटाचा मालक म्हणजे कुणी शेठ नसतो. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा नवरा २०१९ मध्ये गेला. त्याची गाडी त्या शिफ्टवर देतात, आणि शिफ्टचे येतात तेच त्यांचं उत्पन्न. परमिट अजून नवऱ्याच्याच नावावर होतं, नावावर करून घ्यायचं काम टाळेबंदीत अडकलेलं. म्हणजे त्या गाडीवर दोन कुटुंबं जगत होती, चालकाचं आणि या बाईंचं, आणि फॉर्म दोघांपैकी कुणालाच भरता येत नव्हता. ज्या माणसाच्या नावानं तो भरता आला असता तो हयात नव्हता. दुसरे एक मालक, वय सत्तरच्या घरात, गुडघ्यांमुळे चालवणं सुटलेलं. त्यांच्या खात्यात दीड हजार आले. ते काठी टेकत स्टँडवर आले आणि चालकाला साडेसातशे मोजून दिले. ‘तुझे अर्धे,’ म्हणाले. हे मी स्वतः पाहिलं. सगळ्यांनी तसं केलं नाही, आणि तशी सक्तीही नव्हती. सरकारनं ज्या गोष्टीची नोंद घेतली नाही, तिचा निवाडा त्या दोघांच्या भलेपणावर सोडला गेला.

हे टाळता आलं असतं. दिल्ली सरकारनं एप्रिल २०२० मध्येच तिथल्या रिक्षा-टॅक्सी चालवणाऱ्यांना पाच-पाच हजार रुपये दिले होते, आणि ते बॅजवर दिले होते. म्हणजे सार्वजनिक वाहन चालवण्याचा ज्याला अधिकार आहे तो चालक, मग गाडी कुणाचीही असो. २०२१ मध्ये त्यांनी पुन्हा पाच हजार दिले. बॅजच्या यादीतही खोट आहेच, हे मला कळतं. बॅज काढून ठेवलेला पण वर्षानुवर्षं दुसरंच काम करणारा माणूस मी ओळखते. परमिटची यादी सरकारला सोपी वाटली असणार, कारण एक गाडी, एक नंबर, एक नाव. पण तेवढ्याच छोट्या फॉर्ममध्ये अजून एक चौकट घालता आली असती: ‘ही गाडी सध्या कोण चालवतं?’ आणि त्याच्या बॅजचा नंबर. मालकाच्या मोबाईलवर ओटीपी, चालकाच्या मोबाईलवर ओटीपी. दोघांनी हो म्हटलं की पैसे चालकाला, किंवा दोघांत वाटून. जे तंत्र आधारशी खातं जोडू शकतं त्याला हे अवघड नव्हतं. सुचायला मात्र कुणीतरी स्टँडवर येऊन बसायला हवं होतं.

दुसरा घोळ बँक खात्याचा. ‘आधारला जोडलेलं खातं’ असं म्हटलं की माणसाला वाटतं, माझ्या सगळ्या खात्यांना आधार दिलेलं आहे, म्हणजे सगळीच जोडलेली. तसं नसतं. बँकेत केवायसीला आधार देणं वेगळं, आणि सरकारी पैसे यायला ते खातं जोडणं वेगळं. आधार नंबरावर येणारा पैसा एकाच खात्यात पडतो, जे सगळ्यात शेवटी जोडलं गेलं त्यात. कुणाचं ते गॅस सबसिडीसाठी गावी उघडलेलं निघालं, कुणाचं जुन्या नोकरीतलं, कुणाचं कंपनीच्या माणसानं स्टँडवर येऊन मोबाईलवरच काढून दिलेलं, ज्याचा पिनही आठवत नाही. एका दादांनी महिनाभर मला विचारलं, पैसे का नाही आले. शेवटी ते आले होते असं निघालं, जळगाव जिल्ह्यातल्या त्यांच्या गावच्या शाखेत. तोवर बँकेनं खात्यात किमान शिल्लक नव्हती म्हणून मागचा दंड त्यातूनच वळता करून घेतला होता. आपत्तीत सरकारनं पाठवलेल्या मदतीतून दंड कापला जाऊ नये, एवढा साधा नियम करायला काय हरकत होती? मला त्या दिवशी इतका राग आला होता की दादांनाच मला शांत करावं लागलं.

आणि ज्यांना मिळाले त्यांचं काय झालं? मुंबई भागात १ मार्च २०२१ पासून मीटरचं किमान भाडं २१ रुपये झालं होतं, त्या हिशेबानं दीड हजार म्हणजे सत्तरएक किमान भाडी. चांगल्या दिवसांत दोन-तीन दिवसांचा गल्ला, त्यातून गॅस जायचा तो वेगळाच. घरचा सिलिंडर तेव्हा आठशेच्या वर होता. कुणी तो भरला आणि उरलेल्यात पोरीच्या मोबाईलचा रिचार्ज मारला, कारण शाळा त्याच्यावर होती. एकानं आईची मधुमेहाची औषधं आणली. गाडीचा हप्ता मात्र कुणाचाच त्यातून गेला नाही. २०१७ नंतर परमिट खुलं झाल्यावर ज्यांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या, ती तिशी-पस्तिशीतली मुलं यात सगळ्यात वाईट अडकली. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, व्याज चालू ठेवून का होईना. २०२१ मध्ये तशी सरसकट मुभा नव्हती. केंद्रानं लायसन्स, परमिट, पासिंग यांच्या मुदती वेळोवेळी वाढवल्या, त्याचा मोठा आधार झाला. विम्याचं तसं नव्हतं. उभ्या गाडीचाही विमा भरावा लागला.

पॅकेजमध्ये ज्यांचं नावच नव्हतं ते अजून बाहेर होते. सलूनवाले, पार्लरवाल्या, शिलाईवाले, इस्त्रीवाले, मंडपवाले, बँडवाले, घरी क्लास घेणाऱ्या बाया, आणि आमच्यासारखे दुकानवाले. आमच्या शेजारचं सलून दोन्ही वर्षं महिनोन् महिने बंद होतं. कर्नाटकानं मे २०२० मध्येच न्हावी आणि परीट बांधवांना पाच-पाच हजार जाहीर केले होते, सोबत रिक्षा-टॅक्सीवाल्यांनाही तेवढेच. म्हणजे अशा कामांची मोजदाद करता येतच नाही, असं म्हणायला जागा नाही.

फेरीवाल्यांसाठी केंद्राची पीएम स्वनिधी योजना १ जून २०२० ला आली. दहा हजारांचं कर्ज, तारण नाही, वर्षभरात फेडायचं, वेळेवर फेडलं तर व्याजात सात टक्के सूट, आणि फेडल्यावर पुढचं मोठं कर्ज. ज्यांच्याकडे फेरीवाला म्हणून ओळखपत्र नव्हतं त्यांना महापालिकेचं शिफारसपत्र लागायचं. मी ते फॉर्मही भरले आणि ज्यांचा धंदा पुन्हा उभा राहिला त्यांना त्याचा खरोखर उपयोग झाला, सावकाराकडे जावं लागलं नाही. पण संकटाच्या ऐन मधे कर्ज ही मदत होत नाही. आमच्याकडे कोथिंबीर-मिरची विकणाऱ्या मावशींनी मला जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं: ‘गिऱ्हाईक नाही म्हणून पैसे लागतायत. गिऱ्हाईकच नाही तर फेडू कशातून?’ त्यांनी कर्ज घेतलं, पण जवळजवळ वर्षानं, बाजार सुरू झाल्यावर.

बांधकाम कामगारांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. त्यांना राज्यानं एप्रिल २०२० मध्येच, पहिल्या टाळेबंदीत, दोन-दोन हजार रुपये खात्यात दिले. इतक्या लवकर ते जमलं कारण त्यांचं मंडळ आधीपासून होतं. १९९६ च्या कायद्यानं तेव्हा बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जायचा, तो मंडळात जमा व्हायचा, आणि नोंदणी झालेल्या कामगारांची यादी तयार असायची. त्या नोंदणीतही गळती आहे, आमच्याकडे येणाऱ्या गवंड्यांना विचारा. पण संकट आलं त्या दिवशी यादीही होती आणि पैसाही होता. रिक्षावाल्यासाठी यादी म्हणजे गाडीची यादी होती आणि पैसा शोधून आणावा लागला. माझ्या मते हातावर पोट असणाऱ्याला अडचणीच्या काळात मदत करायची असेल, तर तो कोण आहे आणि काय काम करतो हे सरकारला सुगीच्या दिवसांत माहीत असायला हवं. रोग दारात आल्यावर यादी करायला बसलं की जो कागद हाताशी असतो त्याचीच यादी होते.

म्हणूनच त्यानंतर आलेल्या दोन गोष्टींकडे मी आशेनं बघते. एक ई-श्रम, २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालेली असंघटित कामगारांची देशभराची नोंदणी. वय १६ ते ५९, आधार आणि बँक खातं, आणि काम कोणतं ते माणूस स्वतः सांगतो. तिथं शिफ्टवाले काका ‘रिक्षाचालक’ म्हणून नोंदले गेले. परमिट कुणी मागितलं नाही. कार्ड हातात पडल्यावर ते मला म्हणाले, ‘सरकारदरबारी पहिल्यांदा माझं काम लिहिलं गेलं.’ त्या नोंदणीतून त्यांना आजवर थेट पैसा काही मिळालेला नाही, हेही लिहिलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, २०२४ मध्ये राज्यानं मंजूर केलेलं धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावाचं ऑटोरिक्षा आणि मीटर टॅक्सीचालकांचं कल्याणकारी मंडळ. संघटना यासाठी फार वर्षं मागणी करत होत्या. आता लोक येऊन मला विचारतात, शिफ्टवाल्यांचं काय? माझं म्हणणं मी संघटनेच्या लोकांनाही सांगितलंय आणि इथंही लिहिते: चालकाचं लायसन्स आणि बॅज हाच त्याच्या कामाचा पुरावा धरा, आणि तो कोणत्या गाडीवर आहे याची नोंद दरवर्षी ठेवा. परमिटवाल्या विधवा बाईंसाठी वेगळी तरतूद करा, पण ती चालकाच्या वाट्यातून नको. आणि मंडळात नियमित पैसा कुठून येणार हे आत्ताच ठरवा, कारण सदस्यांच्या वर्गणीवर एवढं मोठं मंडळ संकटात टिकणार नाही.

आता चालक भावांनो, तुमच्या हातातलं. बॅज आणि लायसन्स मुदतीत ठेवा, धंदा मंद असला तरी. परमिट वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर नाव बदलायचं काम पुढच्या वर्षावर ढकलू नका, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती घेऊन या, अर्ज आपण इथंच भरू. ई-श्रम कार्ड नसेल तर काढून घ्या, नोंदणी मोफत आहे. आणि तुमच्या आधारवर आलेला सरकारी पैसा नेमका कोणत्या बँकेत जाईल हे आधारच्या वेबसाईटवर दोन मिनिटांत दिसतं. बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं निघालं तर चालू खात्याच्या बँकेत एक साधा अर्ज देऊन ते बदलता येतं. ते बघायला याल तेव्हा आधारला जोडलेला मोबाईल सोबत आणा, ओटीपी त्याच्यावरच येतो.